डावखुरी गल्ली

बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढली. मगरी काढल्या, शाळेला घाबरणारे ढग काढले, एका कवीसाहेबांच्या हट्टापायी दात घासणारा चंद्रही काढला. यंदा पहिल्यांदाच गोष्टही माझी आणि चित्रंही माझी: बसबूसा नावाची शेळी गच्चीवरून पळते आणि आमची अख्खी गल्ली तिच्यामागे अलेक्झांड्रियाभर धावते, पार समुद्रापर्यंत. प्रकाशक मादाम इनायतनी पुस्तक छापायला घेतलं होतं. रविवारी सकाळी ते छापखान्यात जायचं होतं. नाही गेलं तर पुस्तकांची जत्रा हुकणार आणि माझी शेळी वर्षभर कपाटात बसणार.

काम मी जीव ओतून केलं. हे स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. शेजारच्या गच्चीवरच्या शेळीसमोर महिनाभर वही घेऊन बसले. तिने दोन पेन्सिली आणि वहीतलं एक सबंध पान खाल्लं. आधी काडेपेटीएवढी कच्ची चित्रं, मग ती चिकटवून केलेली नमुनाप्रत, मग जलरंग.

बुधवारी मादाम इनायत पक्क्या चित्रांची प्रत पान पान उलटत पाहू लागल्या. पाचव्या पानावर थांबल्या.

"शहिरा, ही शेळी पळतेय कुठे?"

"समुद्राकडे, मादाम."

"मग मी पान उलटून पुढे गेले की ही मागे का येतेय? हिला घरीच जायचं दिसतंय."

मी पाहिलं आणि घाम फुटला. आमची अरबी पुस्तकं उजवीकडून उघडतात, गोष्ट डावीकडे सरकते. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण गेली दोन वर्षं मी एका फ्रेंच प्रकाशकासाठी काढत होते, हाताला त्यांचं वळण लागलं होतं. सोळाच्या सोळा चित्रांत शेळी उजवीकडे धावत होती. कच्च्या चित्रांपासून धावत होती आणि मला पत्ता नव्हता.

"कॉम्प्युटरवर उलटवू," मी म्हटलं. "आरशात दिसतात तशी. मिनिटाचं काम."

मिनिटाचंच होतं. शेळी समुद्राकडे वळली. मादाम मात्र चष्मा पुसू लागल्या, आणि त्या चष्मा पुसतात तेव्हा काही खरं नसतं.

"गल्ली डावखुरी झाली बघ," त्या म्हणाल्या. "हा डाव्या हाताने भाकर खातोय, तो डावा हात मिळवतोय. आणि हे शेखसाहेब पोरांना डाव्या हाताने खजूर वाटतायत. आया माझं दार मोडतील."

आम्ही मोजले. एकतीस हात.

"रविवारी सकाळी आण. एक जरी डावा राहिला तरी पुस्तक पुढच्या वर्षी."

घरी येऊन मी आईला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. हात नव्याने काढून जुन्यांवर बसवायचे, तर समोर खरा हात हवा.

"भाकर तोड. हं, तशीच थांब."

"एवढा वेळ धरली तर शिळी होईल गं."

"हलू नकोस."

"लोकांच्या मुली नातवंडं दाखवतात," आई न हलता म्हणाली. "माझ्या नशिबी शेळी."

तिने चहा ओतला, खजूर वाटले, हवेतल्या हवेत सतरा जणांशी हात मिळवले. शनिवारी दुपारपर्यंत तीस हात झाले. उरली होती गच्चीवर एकटीच मासे खात बसलेली एक बाई. आईला भूक लागली होती, म्हणून मी खरंच ताट वाढलं आणि म्हटलं, "तू जेव आपली, मी बघते."

माझं लक्ष कागदावर आहे असं तिला वाटलं. तिने डाव्या हाताने माशाचा तुकडा उचलला. मी मान वर केली तशी तिने हात झटकन पाठीमागे लपवला.

"चुकलं. थांब, नीट धरते."

"आई, तू डावखुरी आहेस?"

"होते," आई म्हणाली. "माझ्या आत्याने वर्षभर हात फडक्याने बांधून ठेवला. सुटला की उलथनं. मग गेली सवय." लहानपणी गोवर येऊन गेला, अशा थाटात सांगितलं तिने.

मी अडतीस वर्षांची आहे. रोज या बाईच्या समोर बसून जेवले. मला तिच्या त्या आत्याचा राग आला, माझा आला, आणि मग रडूच आलं. आई म्हणाली, मासा निवतोय.

तो हात मी बदलला नाही.

रविवारी मादाम इनायतनी बोट ठेवून ठेवून मोजलं. "तीस. एक राहिला."

"राहिला नाही, ठेवलाय."

"मी काय सांगितलं होतं?"

"पुढच्या वर्षी. चालेल."

त्यांनी चित्र जवळ घेतलं. "कोण ही?"

मी सांगितलं. फडकं, उलथनं, सगळं.

"आयांचे फोन येतील."

"माझा नंबर द्या."

"तुझाच देणार आहे," त्या म्हणाल्या आणि चित्रं छापखान्याच्या पाकिटात भरली.

छापलेलं पुस्तक मी आईच्या मांडीवर ठेवलं. शेळी पाहून ती हसली, शेखसाहेबांना पाहून आणखी हसली. गच्चीच्या पानावर थांबली. बोटाने त्या बाईचा हात चाचपला.

"हिला कुणी मारलं नाही का गं?"

"नाही."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि पुढचं पान न उलटता तिथेच पाहत बसली.