विहारातली खुर्ची

आमच्या अंबरनाथच्या विहारात खुर्ची चालणार नाही, हा नियम मीच केला. मी सेक्रेटरी होतो आणि आवाज मोठा होता. त्र्याण्णव साली हरिचंद्राने म्हाताऱ्या वडिलांसाठी खुर्ची आणली, तेव्हा मी ती सगळ्यांदेखत बाहेर ठेवायला लावली. "साहेब ऑफिसात. इथं सगळे सतरंजीवर," असं वर ऐकवलंही.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत माझ्या आईचा, चांगुणाबाईचा, खुबा बदलला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. मांडी पोटाकडे फार आली की नवा गोळा वाटीतून निसटेल." मी कारखान्यात फिटर. बुश जरा तिरका बसला की शाफ्ट कुठे अडतो, हे मला शिकवावं लागत नाही. सगळं समजलं होतं मला.

वैशाख पौर्णिमेला सकाळी विहाराच्या दारात आईने विचारलं, "सुदाम, खुर्ची घेऊ का रे?"

हरिचंद्र तिथेच उभा होता. त्याने तोंड उघडण्याआधीच मला त्याचा प्रश्न ऐकू आला: 'मग माझ्या बापाचं काय?'

"पाच मिनिटं तर बसायचंय, आई. बस हळूच."

आई बसली. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणाली. शेवटी गुडघ्यांवर येऊन वंदनेला वाकली आणि किंचाळलीच. पाय आत वळून आखूड झाला होता. सतरंजीसकट उचलून आम्ही तिला टेम्पोत घातलं. सतरंजीचं एक टोक हरिचंद्राच्या हातात होतं; तोही टेम्पोत चढला.

उल्हासनगरला त्याच डॉक्टरांनी गोळा जागेवर बसवला, एक्स-रे पाहिला आणि आईला विचारलं, "काय करत होता?"

"मोरीत पाय सरकला, डाक्टर," आई म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पाहिला. "आजी, दोष माझा आहे. वाटी आणखी पुढे वळवून बसवायला हवी होती. म्हणून वाकलं की हाड कडेला अडतं. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. माफ करा मला." त्यांनी हात जोडले.

एवढा शिकलेला माणूस माझ्या अडाणी आईपुढे हात जोडून उभा होता. लाजेने मला मान वर करवेना. खोटं बोलणार नाही, असं शील आईने सकाळीच घेतलं होतं, आणि दुपारच्या आत माझ्यासाठी मोडलं होतं. हरिचंद्र माझ्याकडे बघत होता.

मी एक्स-रे हातात घेतला, उजेडाला धरला आणि म्हणालो, "हो, वाटी जरा मागेच वळलीय."