शेळीचं औषध बादलीत

म्हाळसाबाईची गाभण शेळी सकाळी ज्वारीच्या ढिगात शिरली आणि पोटभर दाणे खाऊन आली. दुपारपर्यंत तिचं पोट टम्म फुगलं. गुरांच्या डॉक्टरनं पांढरी पूड आणली, निम्मी पाजली. उरलेली दिवस मावळताना पाजा, न्हाई तर शेळी हातची जाईल, असं बजावून तो पाथरीला गेला.

दिवस मावळायला तिनं पाणी कोमट केलं आणि कोनाड्यात हात घातला. पुडी गायब.

गोठ्यामागून फसफस ऐकू आली. तिचा नवरा सिताराम नाकाला उपरणं बांधून प्लास्टिकच्या बादलीपुढं उकिडवा बसला होता. बादलीत पांढरा फेस उठत होता. शेजारी ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायच्या ॲसिडचा कॅन आणि रिकामी पुडी.

"अवो, हे काय करायलाव?"

"सल्फेट! कपाशीची पानं लाल पडायलीत. मॅग्नेशियम सल्फेट फवारा म्हणले कृषीचे साहेब, अन् दुकानात ते संपलंय. मोबाईलवर बघितलं, मॅग्नेशियमला गंधकाचं ॲसिड पाजलं की झालं. पुडीवर मॅग्नेशियमच लिवलेलं हाय."

"शेळीचं औषध हाय ते! दुसरं काही घावलं न्हाई का तुमाला?"

"मग आता हेच पाज की. ह्यानं जुलाब होतेत म्हणं. पोट मोकळं होईल."

"ॲसिड उरलं असलं म्हंजी? आधी तुमी प्या घोटभर!"

सितारामनं बादलीत बघितलं आणि नाकावरचं उपरणं आणखी वर ओढलं.

डॉक्टरचा फोन बंद होता. शेळी दात खात उभी होती, डोळे तारवटलेले. म्हाळसाबाई शेजारच्या दगडाबाईकडं पळाली.

"आत्या, शेळी मरायलीय. ह्यांनी तिचं औषध ॲसिडात घातलं!"

"अगं बाई! त्याला कुणी डोकं दिलं?" म्हातारी डबे हुडकत म्हणाली. "माझ्या बोकडाचं पोट असंच फुगलं तवा डॉक्टरनं खायचा सोडा पाजायला लावला हुता. घे, भज्यापुरता आणलेला हाय."

म्हाळसाबाईनं सोडा पाण्यात कालवला. तेवढ्यात सिताराम आला.

"जरासा मला दे. बादलीत टाकून बघतो. परत फसफसलं तर ॲसिड उरलंय."

"हात लावून बघा! शिंगं धरा आधी, शिंगं!"

त्यानं मुकाट शिंगं धरली. ती घोट घोट पाजत गेली, डावी कूस चोळत राहिली. अंधार पडला. मग शेळीनं सितारामच्या तोंडावर एक आंबूस, लांबलचक ढेकर दिला. तो मान फिरवून खोकायला लागला.

"सुटली म्हणायची," तो म्हणाला. "आता उरलेला सोडा..."

म्हाळसाबाईनं सोड्याची पुडी कमरेला खोचली.

"परत लागंल हिला. सोडू नका. चांगली रवंथ करायला लागूस्तोर धरून बसायचं."



"आन् बादली?"

"तिच्यावर घमेलं झाकलंय मी. तुमी शिंगं धरा."