आखाजीच्या दिवशी मारलं म्हणे

नशिराबादच्या हिलालने उभ्या जन्मात हात उगारला असेल तर तो एका रानडुकरावर. ते केळीच्या बागेत शिरलं होतं, आणि हिलालने भिरकावलेला दगड त्याला लागलाही नाही. असा हा माणूस सोमवारी सकाळी धुळ्याच्या कोर्टात बायकोला मारणारा नवरा म्हणून उभा होता. सुनेला उपाशी ठेवल्याचा आरोप होता त्याच्या आईवर, भिकुबाईंवर. त्यांच्या दारातून मांजरसुद्धा खाल्ल्याशिवाय जात नसे. कोर्टातही त्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेऊन आल्या होत्या, आणि समोरच्या पार्टीच्या वकिलाला "खाता का?" असं दोनदा विचारून झालं होतं.

अर्ज हिलालच्या बायकोचा होता, सुगंधाचा. मारझोड होते, घटस्फोट हवा, खावटी हवी. सुगंधा मे महिन्यात माहेरी दोंडाईचाला गेली ती आलीच नाही. हिलालने बोलावणं धाडलं, तरी आली नाही. पावसाळा सरला आणि आली ती ही नोटीस. हिलालला काही म्हणता काही कळेना. घटस्फोटाचं तो सोसता, खावटीसाठी केळीही विकता. त्याला धसका एकाच गोष्टीचा होता. सुगंधा त्या पिंजऱ्यात उभी राहून, चार लोकांत, आपल्या तोंडाने म्हणेल, "यांनी मला मारलं." कागदावर कोण काय लिहितं ते सोडा. पण तिने म्हटलं तर मग काय उरलं?

कागद लिहिला होता तिच्या भावाने, रुपचंदने, मुंबईहून आणलेल्या वकिलाकडून. वकील मोठा हुशार. सणाच्या दिवशी मारलं म्हटलं की जजसाहेबांना जास्त कळवळा येणार, म्हणून त्याने कॅलेंडर चाळलं आणि ठोकून दिलं: आठ मे १९८९, अक्षय तृतीया, सासरच्या घरी लाकडाने मारहाण. रुपचंदने सुगंधाला न वाचता सही करायला लावली. आता याला काय म्हणावं! खानदेशात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की अक्षय तृतीया म्हणजे आखाजी, आणि आखाजीला लग्न झालेली लेक सासरी सापडत नाही. ती माहेरी असते, झोक्यावर असते, गाणी म्हणत असते.

पण जजसाहेब कोकणातले, महिन्यापूर्वी बदलून आलेले.

"अक्षय तृतीया आमच्याकडेही असते," ते म्हणाले. "आम्ही आंबे खातो. त्या दिवशी बाई सासरी नव्हती याला पुरावा काय?"

पुरावा कुठून आणायचा? झोका पाहिलेलं सगळं दोंडाईचा रुपचंदच्या बाजूचं. हिलालचे वकील बन्सीलाल मात्र जुने, खानदेशातल्याच पारोळ्याचे. त्यांनी चष्मा पुसला आणि सुगंधाला अगदी मायेने विचारलं, "अक्का, आठ मेला तुम्ही सासरीच होत्या?"

"हो," सुगंधा खाली बघून म्हणाली. हिलालने डोळे मिटले.

"म्हणजे आखाजीला तुम्हाला घ्यायला माहेरचं कुणी आलंच नाही. सख्खा भाऊ असून."

मागच्या बाकावर दोंडाईचाच्या पाच बाया होत्या, त्यांनी एकदम पदर सावरले. आखाजीला भाऊ न्यायला आला नाही, हे बाईने चारचौघांत कबूल करायचं म्हणजे माहेर मेलं असं सांगण्यासारखंच. सुगंधाने मान वर करून भावाकडे पाहिलं. आणि रुपचंद, शहाणा रुपचंद, तिला मानेने खुणावत होता, हो म्हण, हो म्हण, नाही आला म्हण!

झालं. सुगंधाचा चेहरा लालबुंद झाला.

"मना भाऊ तीन दिन पहिलेच उना व्हता!" ती कडाडली. "जीप लई उना व्हता! आखाजीले लेक सासरले ऱ्हास का? मी दोंडाईचामा झोकावर व्हतू, बठ्ठा गावनी देखं!"

मागच्या पाचही बाया ओरडल्या, "हाऊ बरोबर!" मुंबईच्या वकिलाने कपाळाला हात लावला. जजसाहेबांना कळेना, ते टेबल वाजवायला लागले. बन्सीलालनी अदबीने सांगितलं, "साहेब, बाई म्हणतात, भाऊ तीन दिवस आधीच घ्यायला आला होता, आणि त्या दिवशी त्या माहेरी होत्या."

"मग यांनी मारलं कधी?"

"कधीच नही," सुगंधा म्हणाली, आणि तिथेच रडू लागली.

हिलालला वाटलं आपण आता इथे नाचणार. त्याने बाकाची कड घट्ट धरून ठेवली.

"मग बाई, हा अर्ज कशासाठी?" जजसाहेब आता खरोखर चिडले होते.

सुगंधाने नाक पुसलं. "साहेब, आखाजी झाल्यावर पंधरा दिवसांत सासरचं माणूस घ्यायला येतं. बाकीच्या लेकी गेल्या. मी ओट्यावर बसून. आणि यांचं आलं पोस्टकार्ड. 'केळीची कटाई चालू आहे, वेळ नाही, एस.टी.ने निघून ये.' कार्ड पोस्टमनने मोठ्याने वाचलं. सगळ्या गल्लीत."

सगळं कोर्ट हिलालकडे वळलं. त्याचं नाचणं जागच्या जागी थिजलं. एवढे महिने तो विचारत होता, मी केलं काय? हे केलं होतं.

"कार्ड?" भिकुबाई उठून उभ्या राहिल्या. "बायकोले लेवाले कार्ड धाडं तू? माले सांगं, निरोप धाडा म्हणे!" आणि कोर्टाने इतके महिने शोधलेली मारहाण त्या दिवशी खरीच घडली, भिकुबाईंच्या हातून, हिलालच्या पाठीवर, जजसाहेबांच्या डोळ्यांदेखत. साहेबांनी फाइलमध्ये तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. खोट्या मजकुराबद्दल त्यांनी मुंबईच्या वकिलाची चांगली हजेरी घेतली आणि अर्ज निकाली काढला.

बाहेर हिलाल धावतच सुगंधापाशी गेला. "चल. दोनची जळगाव गाडी आहे."

सुगंधाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला.

"कोर्टाच्या दारातून न्यायला मी काय हरवलेली म्हैस आहे? आधी मला माहेरी पोचू द्या. मग या."

ती मान खाली घातलेल्या रुपचंदला पुढे घालून दोंडाईचाच्या गाडीत बसली. हिलाल गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. भिकुबाईंनी उरलेली भाकरी त्याच्या हातात कोंबली आणि एकट्याच जळगावच्या गाडीकडे निघाल्या.

तासाभराने दोंडाईचाची पुढची गाडी लागली. हिलाल सगळ्यांच्या आधी चढला. छातीशी नवी साडी आणि शेरभर जिलेबी, शर्ट घामाने भिजलेला. कंडक्टरने नुसतं "कुठं?" विचारलं.

"दोंडाईचा!" हिलाल अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला. "बायकोले लेवाले जाई ऱ्हायनू!"