माझ्यामुळे ताईंवर आळ आला

मी एक जुनं वेब पेज आहे, मित्रांनो. डोळ्यांच्या दवाखान्यात, काउंटरवरच्या संगणकावर माझा मुक्काम. रंग विटके, अक्षरं ओबडधोबड, कोपऱ्यात मोठ्या डॉक्टरांचा फोटो. रूपाच्या नावाने बोंबच, पण कामाला मी चोख होतो.

पेशंट आला की काउंटरवरच्या ताई मला उघडायच्या. उघडलो की मी पुढचा नंबर घ्यायचो आणि चिठ्ठी छापायचो. दिवसाला चाळीसच नंबर. "आमचं पेज म्हातारं आहे, पण गुणी आहे हो," असं ताई म्हणायच्या, तेव्हा मला काय बरं वाटायचं!

मग मोठे डॉक्टर वारले. फोटो काढून टाका, असा व्यवस्थापकांचा निरोप आला. माझी देखभाल करणारा प्रोग्रामर ताईंना म्हणाला, "फोटो काढतो, पण चौकट राहू दे ना? काढवत नाही हो." ताईंनी मान हलवली आणि डोळे पुसले. फोटो कुठून आणायचा, तो पत्ता तेवढा त्याने पुसला.

तिथेच घात झाला. मला पडद्यावर आणणाऱ्या ब्राउझरला चौकट दिसे, पत्ता सापडेना. पत्ता रिकामा म्हणजे याच पानाचा, असं समजून तो त्या जागी पुन्हा मलाच बोलावू लागला. ताई एकदाच उघडायच्या, मी आतल्या आत दोनदा उघडायचो आणि दोन नंबर खायचो. चिठ्ठी मात्र पडद्यावर आलेल्या नंबरचीच, म्हणजे एकच. पहिल्या पेशंटला एक, दुसऱ्याला थेट तीन.

आता बसणारे दुसरे डॉक्टर "नंबर दोन" असं पुकारायचे, कुणी उठायचंच नाही. विसाव्या पेशंटलाच चाळीस नंबर संपायचे. बाकीचे दुखरे डोळे घेऊन माघारी जायचे. बाई ओळखीच्यांसाठी नंबर दाबून ठेवतात, अशी कुजबुज सुरू झाली.

"मधले नंबर जातात कुठे?" व्यवस्थापकांनी भर गर्दीत विचारलं.

"शपथेवर सांगते साहेब, मी एकदाच उघडते."

"मग काय भुतं येऊन घेतात?"

सगळे हसले. मी तिथेच पडद्यावर होतो. खरं काय ते मलाच ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे? दुसऱ्या दिवशी ताईंनी राजीनामा दिला.

नव्या बाईंच्या हातूनही नंबर गळू लागले, तेव्हा कुठे प्रोग्रामरला बोलावलं. त्याने माझ्यात एक ओळ घातली: उघडलास की वेळ लिहून ठेव. एकाच सेकंदाला दोन नोंदी! मग तो माझा एकेक भाग काढून बघत गेला. रिकामी चौकट काढली आणि नोंद एकच उरली. तो कपाळाला हात लावून बसला. मग त्याने ताईंना फोन लावला.

"ताई, चूक माझी होती. परत या ना."

"नंबर नीट पडतात ना आता? झालं तर मग."

"पण ताई..."

"अरे, तू फोन केलास. त्या दिवशी जे हसले, त्यांना हे सांगायला कोण फोन करणार?"

मित्रांनो, काही बिघडलं तर माणसाला चारचौघांत विचारण्याआधी मला तपासा. खुशाल माझे तुकडे करा. मला पुन्हा जोडता येतं. ताई काही परत आल्या नाहीत.