खडूच्या डबीतली खडीसाखर

मी एक जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, डबी बोलते आहे. गौराबाईंच्या वाहन परवान्याच्या नूतनीकरणात ऐन वेळी मी रिकामी निघाले आणि पुढचे सारे त्या रिकामेपणातून घडले. माझा वाटा मी आधीच कबूल करते. कारण ज्या बाईंच्या हाताखाली मी वाढले, त्यांच्या वर्गात उशिरा दिलेल्या कबुलीला दुप्पट शिक्षा असे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, हे मला ठाऊक नाही. आठवते ती तेर गावच्या आठवडी बाजारातील गोणपाटावरची जागा. पळ्या, तवे आणि पातेल्यांच्या त्या गर्दीत मी सर्वांत लहान होते. नुकत्याच शिक्षिका म्हणून रुजू झालेल्या गौराबाईंनी मला उचलले, झाकण तीनदा काढून तीनदा लावले आणि भांडेवाल्याला सांगितले, "घट्ट बसते. ही द्या." आयुष्यातील पहिल्या परीक्षेत मी अशी उत्तीर्ण झाले.

त्यानंतर चौतीस वर्षे माझ्या पोटात खडू होते. बाईंच्या टेबलावर उजव्या कोपऱ्यात माझी जागा असे, आणि ती बोटभरही हललेली त्यांना खपत नसे. माझी भाषा अशी ताठ कशी, असा प्रश्न कोणास पडला असेल, तर त्याचे उत्तर त्या टेबलावर आहे.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली. मला त्यांनी स्वतःहून पिशवीत घातले.

दोन वर्षांनी बाईंच्या मधुमेहाला गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई सुरू झाली. बाईंनी तीही वेळापत्रकासारखी पाळली. इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते; घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते; म्हणून जवळ नेहमी साखर हवी, असे डॉक्टरांनी बजावले. त्याच संध्याकाळी मला चिंच लावून घासण्यात आले आणि माझ्यात खडीसाखर भरण्यात आली. चौदा खडे. दर रविवारी मोजणी.

बाईंच्या यजमानांचे नाव माणिकप्पा. तीस वर्षे साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केलेला हा गृहस्थ. गोड बातमी कोरडी सांगायची नाही, ऐकणाऱ्याच्या हातावर साखर ठेवायची, हा त्यांचा दंडक. म्हैस व्याली तरी साखर, शेजाऱ्याचा ताप उतरला तरी साखर. गाडी मात्र त्यांना चालवता येत नाही. एकदा शिकायला बसले होते, तेव्हा त्यांनी शेणाच्या उकिरड्यात गाडी उभी केली आणि "लागली की बरोबर," असे म्हणाले.

त्यामुळे घरची पांढरी छोटी गाडी बाईच चालवतात. दर रविवारी त्या आपल्या जिल्ह्यातल्याच वाशीला थोरल्या बहिणीकडे, शांतम्मांकडे जातात. दोघी दिवसभर भांडतात. फोनवर भांडण नीट होत नाही, असे दोघींचेही मत आहे. दोन एसट्या बदलून जायचे, तर सारा जोर प्रवासातच संपतो.

यंदा बाईंच्या परवान्याची मुदत संपत आली आणि पुण्याहून मुलाचा, उत्कर्षचा फोन आला.

"आई, इन्सुलिन चालू असताना गाडी चालवणं मला पटत नाही. परवाना रीतसर मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर गाडी विकायची. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी मला तीनदा उघडून पाहिले.

सोमवारी सकाळी बाईंनी सुई घेतली आणि निघायच्या घाईत दोन भाकरींऐवजी एकच खाल्ली. काम अकरापर्यंत आटोपेल, असा त्यांचा हिशेब होता. धाराशिवला प्रथम डॉक्टर अमरसिंह यांच्या दवाखान्यात वैद्यकीय दाखला घ्यायचा होता. हे डॉक्टर बाईंचेच विद्यार्थी. त्यांनी खिडकीतून पलीकडच्या मोटारसायकलचा क्रमांक वाचायला सांगितला. बाईंनी तो वाचला आणि तिचा मागचा दिवा फुटला आहे, हेही सांगितले.

"इन्सुलिन घेता म्हणून कुणी परवाना नाकारत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "साखर उतरून भोवळ येते का, एवढाच प्रश्न असतो. कधी आली का?"

"कधीच नाही."

डॉक्टरांनी दाखला दिला. बाईंनी स्वतःच्या अर्जावरही 'अचानक भोवळ किंवा शुद्ध हरपण्याचा त्रास होतो काय?' या प्रश्नापुढे 'नाही' असे स्वच्छ अक्षरात लिहिले. त्या क्षणी ते उत्तर खरे होते.

परिवहन कार्यालयात रांग होती. बाई पुढे जाऊन टेबलावर उरलेला अर्ज भरू लागल्या आणि पिशवी माणिकप्पांच्या हाती आली. दाखला मिळाल्याचा आनंद त्यांच्या अंगात मावत नव्हता. त्यांनी मला बाहेर काढले. मला वाटले, वारा खायला काढले असेल.

"आमच्या बाईंना डॉक्टरनं पास केलं," ते रांगेला सांगत सुटले. "घ्या, हातावर साखर घ्या."

"परवाना मिळाला व्हय?" एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले.

"मिळाल्यागतच आहे. घ्या की."

"मग दोन द्या. दोन नाती हायेत घरी."

झाकणाला आवाज असता, तर मी त्या वेळी ओरडले असते. एकेक खडा गेला. शेवटचा एका तरुणाच्या तळहातावर पडला आणि माणिकप्पांनी माझे झाकण अगदी निगुतीने लावून मला पुन्हा पिशवीत ठेवले. परतताना दुकानातून साखर घेऊ, असे ते स्वतःशी पुटपुटले आणि ते पुटपुटणे पुढच्या क्षणाला विसरले.

बाईंचा क्रमांक आला. खिडकीपाशी पोहोचून त्यांनी सवयीप्रमाणे सारे कागद शेवटचे तपासले, आणि त्या थबकल्या. दाखल्यावर डॉक्टरांनी जन्मसाल चौसष्टऐवजी चौऱ्याहत्तर लिहिले होते.

"धा वर्षं कमी झाली तुझी," माणिकप्पा म्हणाले. "बिघडलं काय? लोक पैसे दिऊन कमी करून घेतात."

"हा दाखला चुकीचा आहे. तुम्ही रिक्षाने जा आणि दुरुस्त करून आणा. तोपर्यंत मी थांबते."

"अगं, रांग सुटंल."

"सुटू द्या."

माणिकप्पा गेले. डॉक्टरांकडे रुग्णांची गर्दी होती. इकडे जेवणाची सुट्टी झाली, खिडकी मिटली, आणि बाई भिंतीलगतच्या बाकावर बसून राहिल्या. सकाळची एक भाकरी केव्हाच संपली होती. सुई मात्र आपले काम चोख करीत होती.

दीडच्या सुमारास बाईंचा हात पिशवीत आला. तो हात मी चौतीस वर्षांहून अधिक काळ ओळखते. फळ्यावर सरळ रेघ ओढताना तो कधी चळला नव्हता. आज तो थरथरत होता आणि घामाने ओला होता. बाईंनी मला मांडीवर घेतले, झाकण उघडले.

आत काही नव्हते. तळाशी थोडा पांढरा भुगा होता, तो खडूचा की साखरेचा हे मलाही सांगता आले नसते. बाईंनी बोट फिरवून तो चाटला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बाईंनी उठायचा प्रयत्न केला आणि त्या मटकन खाली बसल्या. तरी आवाज त्यांनी वर्गातलाच काढला.

"माझ्या रक्तातील साखर उतरली आहे. मला भोवळ येते आहे. कोणाजवळ काही गोड आहे काय?"

वाक्य पूर्ण होते आणि ऐकणाऱ्यांना ते पहिल्या वेळीच कळले. मघाचा म्हातारा शेतकरी धावला. तो ढोकीचा ट्रॅक्टरवाला, बजरंग त्याचे नाव. त्याने उपरण्याची गाठ सोडली.

"ह्यी घ्या बाई, खडीसाखर हाय. नातींसाठी ठिवली व्हती, दोन्ही घ्या."

बाकावर शेजारी बसलेल्या, कमलबाई नावाच्या एका बाईंनी कमरेची पिशवी उघडून एसटीच्या तिकिटात गुंडाळलेला खडा काढला. "देव्हाऱ्यात ठिवणार व्हते. देवाला उद्या दुसरी ठिवीन. देव काय उपाशी न्हाय."

चौथा खडा शेवटच्या त्या तरुणाने खिशातून काढला. त्याच्या तोंडात आधीच गुटखा होता, म्हणून साखर राहून गेली होती. बाई थरथरत होत्या. तरीही त्यांनी त्याच्या गालाच्या फुगवट्याकडे असे पाहिले, की तो बाहेर जाऊन चूळ भरून आला.

चार खडे बाईंनी चावून खाल्ले. पंधरा मिनिटांनी हाताची थरथर थांबली. कमलबाईंनी आपल्या फडक्यातील भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. "खावा गुमान. शिकवायचं नंतर बगू."

बाईंनी गुमान खाल्ले. हे दृश्य पाहिलेली मी एकटीच वस्तू असेन.

मग माणिकप्पा दुरुस्त दाखला नाचवत आले. घडलेले ऐकून त्यांचा चेहरा साखर भिजावी तसा बसला. मात्र आपण काय केले, ते त्यांनी सांगितले नाही. रांगेतले लोकही भिडेपोटी गप्प राहिले. बाईंना वाटले, काल मोजून झाल्यावर खडे पुन्हा भरायचे आपणच विसरलो.

"जाऊ दे," माणिकप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "खिडकी बंद होती. आतल्या कुणी बघितलं न्हाय. दाखला आणलाय, देऊन टाकू."

बाईंनी अर्ज मांडीवर घेतला. त्या कितीतरी वेळ त्या एका शब्दाकडे पाहत राहिल्या. तो शब्द तसाच राहू दिला असता, तर वाशी होती, शांतम्मा होती, रविवार होता. मग त्यांनी 'नाही' वर एक सरळ रेघ मारली, पुढे 'होय, आज एकदा' असे लिहिले आणि खाली सही केली.

खिडकीतील मुलीचे नाव निकिता होते. तिने अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

"मावशी, इथं 'होय' चुकून झालंय का?"

"आधीचे उत्तर आता चुकीचे ठरले होते. ते दुरुस्त केले."

निकिताने पेन खाली ठेवले. "मग आज मला पुढं पाठवता येणार नाही. डॉक्टरांचं सविस्तर मत लागेल. साहेब ते बघून ठरवतील. नकारही देतील, सांगून ठेवते."

"सांगितलेत, बरे केलेत."

बाईंनी लगेच गाडीला हात लावला नाही. साखर मोजण्याचे यंत्र गाडीतच राहिले होते. ते आणून त्यांनी बोट टोचले, तासाभराने पुन्हा टोचले, आणि आकडा पक्का झाल्यावरच किल्ली फिरवली. संध्याकाळी उत्कर्षचा फोन आला आणि बाईंनी त्याला घडलेले सारे सांगितले. "आई, आता विकूयाच," तो म्हणाला. बाईंनी "बरे" म्हटले. इतका लहान शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

बुधवारी दोघे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सारे ऐकून मला हातात घेतले. शाळेत ते माझ्यातून खडू चोरत असत, हे त्यांना आठवले असावे.

"ही रिकामी कशी राहिली, बाई? तुम्ही तर मोजून ठेवणाऱ्या."

"माझाच हलगर्जीपणा."

माणिकप्पा खुर्चीत चुळबुळले, मग उभे राहिले.

"हिचा न्हाय. माझा," ते म्हणाले. "म्या वाटली. दाखला मिळाला म्हणून रांगेत सगळ्यांच्या हातावर ठिवली. चौदाच्या चौदा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. ती नजर मला ठाऊक होती. तिच्यानंतर सहसा अंगठे धरावे लागत. पण बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि निवृत्तीनंतर प्रथमच त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अजून परवाना मिळाला नव्हता," त्या कशाबशा म्हणाल्या. "कशाची साखर वाटलीत?"

"तू पास व्हणार हे मला माहीत होतं की."

डॉक्टरांनी दुसरे पत्र लिहिले. बाईंना साखर उतरण्याची चाहूल वेळीच लागते. त्या शुद्धीत राहतात आणि मदत मागतात. सोमवारचा प्रसंग जेवण लांबल्याने व साखर जवळ नसल्याने घडला. पुढील अटी पाळल्यास त्यांनी वाहन चालवण्यास हरकत नाही, असा त्याचा आशय. बाईंनी पत्र दोनदा वाचले. जन्मसाल बरोबर होते.

गुरुवारी कार्यालयातील साहेबांनी पत्र वाचले, बाईंना चार प्रश्न विचारले आणि पाच वर्षांसाठी मंजुरी दिली. निकिताने पावती सरकवली. माणिकप्पांचा हात पिशवीकडे आला आणि अर्ध्यावरूनच मागे गेला.

त्या संध्याकाळी तेरच्या घरात काय ठरले, ते सांगून मी झाकण लावते.

ठरले असे, की किल्ली फिरवण्याआधी बाई बोट टोचून आकडा पाहतील. तो शंभराखाली असेल, तर आधी खातील आणि तो वर आल्यावरच निघतील. लांबच्या वाटेवर मध्ये थांबून पुन्हा पाहतील. यंत्र पिशवीतच राहील. सुई घेतल्यावर भाकरी दोनच, एक नव्हे. माझ्यातील चौदा खड्यांना बाईंखेरीज कोणी हात लावणार नाही. आनंद वाटण्यासाठी माणिकप्पांनी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात वेगळी पुडी बाळगावी. येत्या रविवारी वाशीच्या वाटेवर ढोकीला थांबून बजरंगच्या दोन्ही नातींच्या हातावर साखर ठेवावी.

बाईंनी हे वहीत लिहिले आणि खाली सही केली. माणिकप्पांनी सही केली. उत्कर्षने फोनवर सारे ऐकून गाडी ठेवण्यास होकार दिला. वाशीहून शांतम्मांनी कळवले, की आपल्याला मान्य आहे; मात्र रविवारी वेळेवर या, मागच्या खेपेचे भांडण अर्धे राहिले आहे.

मला कोणी विचारले नाही. पण वही मिटल्यावर माणिकप्पांनी खिशातील नवी पुडी सोडली, बाईंकडे पाहून परवानगी घेतली आणि एक खडा माझ्यात टाकला. पंधरावा. बाईंनी तो मोजला, आणि राहू दिला. तीच माझी संमती समजावी.