फुलं टाकणारं हेलिकॉप्टर

मित्रांनो, जुळे सोलापुरात एका मंगल कार्यालयाच्या फाटकाशी नवरा-नवरी ज्याला टेकून फोटो काढतात, ते जुनं हेलिकॉप्टर म्हणजे मी. नव्या रंगाला भुलू नका. आतून मी पार थकून गेलं आहे.

माझा जन्म दूरच्या कारखान्यातला. ऐन उमेदीत पुढाऱ्यांना सभांना पोचवलं. वय झालं तसं लग्नांत फुलं उधळायचं काम नशिबी आलं. खाली पोरं नाचायची, तेव्हा मीही हरखून जायचं.

त्या दिवशी सकाळपासूनच माझं इंजिन कुरकुरत होतं. माझे वैमानिक विरेश मालकांना म्हणाले, "बाळासो, आवाज बरा नाही. आधी तपासून घेऊ."

"घेऊ की! एवढं एक लगीन उरकू द्या," बाळासो म्हणाले. नवरी ताटकळली होती. विरेशनी इंजिन चालू केलं.

मोहोळजवळच्या एका गावात आम्ही मांडवावर फुलं उधळली आणि नवरीला अकलूजला सासरी सोडलं. दोघंच परत येत होतो. त्याच मांडवाच्या गावावर आलो आणि इंजिन बंद पडलं. अशा वेळी पाती नुसत्या वाऱ्यावर फिरतात आणि उतरायची संधी एकदाच मिळते. विरेशनी एक सपाट, मोकळं रान हेरलं. पण मला खाली येताना पाहून मांडवातली पोरं नेमकी त्याच रानात धावली.

"आलं, आलं! परत फुलं टाकाया आलं!"

विरेशनी मला शेजारच्या बाभळींकडे वळवलं. पाती तुटली, शेपूट मोडलं. पोरांना ओरखडाही आला नाही, पण विरेश आत चेंगरले.

तिथं मेंढरं चारणारी बनाबाई आधी पोचली. विरेशच्या ओठांना पाणी लावताना ती रडतच होती. "आमच्या लेकरांपायी काट्यात पडलास की रं बाबा!"

"पोरं बरी आहेत ना?" विरेशनी विचारलं.

"समदी बरी हायत."

विरेश वाचले, पण कमरेनं कायमची साथ सोडली. त्यांचं उडणं संपलं, माझंही. मला डागडुजी करून, रंग देऊन इथं फाटकाशी उभं केलं. म्हणून सांगतं, यंत्र कुरकुरलं तर वेळीच ऐका. थकलेल्याला 'एवढं एक' म्हणू नका.

कधी संध्याकाळी विरेश येतात, काठी माझ्या दाराला टेकवतात आणि आपल्या जुन्या जागेवर बसतात. परवा फोटोवाला त्यांच्यावर खेकसला, "ओ काका, उठा की! नवरी आली." ते काठी घेऊन उठले.

मित्रांनो, माझ्यासोबत फोटो खुशाल काढा. त्यांना तेवढं बसू द्या.