कडेची खुर्ची

“गाणं एकही घातलं नाही, ते बाकी बरं केलं,” मामी ताटात भाजी वाढता वाढता म्हणाली. “शेवट मात्र ओढूनताणून गोड केलाय.”

मामाचा घास हातातच राहिला. बोलणं चालू पिक्चरचं होतं. तो पिक्चर मामाच्याच थिएटरात लागला होता आणि मामा तिथला डोअरकीपर. दारावर तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरीच्या उजेडात माणसाला खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे करता करता त्याचे केस पिकले होते. मॅनेजरपासून सोडावाल्यापर्यंत सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून बायको मामी.

आता गंमत अशी की, त्या पिक्चरमध्ये गाणं होतं. चांगलं लांबलचक. पण त्यामुळे दुपारचा खेळ लांबायचा आणि पुढच्या खेळाची माणसं उन्हात खोळंबायची. म्हणून मॅनेजरनं दुपारच्या खेळापुरतं ते गाणं गाळायला लावलं होतं. संध्याकाळी येणाऱ्याला गाणं मिळे, दुपारी येणाऱ्याला नाही. म्हणजे मामी दुपारच्या खेळाला येऊन गेली होती, आणि दुपारच्या खेळाला दारावर मामा स्वतः उभा असायचा!

“तुला कुणी सांगितलं?” त्यानं शक्य तितक्या सहज विचारलं.

“बायका बोलतात की,” म्हणून मामी पाणी आणायला उठली.

मामाच्या मनात पाल चुकचुकली. बायका म्हणजे कोण, तर शेजारची नर्स. तिच्याशिवाय मामी कुणाच्या उंबऱ्याशी जात नसे. दुसऱ्या दिवशी त्यानं नर्सला जिन्यात गाठलं आणि पिक्चर कसा काय वाटला म्हणून विचारलं. नर्स म्हणाली, गोष्ट शिळी आहे, हीरो म्हणजे अगदी पाप्याचं पितर, पण गाण्यासाठी म्हणून बघावा. वर दोन ओळी गुणगुणूनही दाखवल्या. म्हणजे ही संध्याकाळची. मामीला हिनं सांगितलं असतं, तर गाण्यासकट सांगितलं असतं.

मामाची झोप उडाली. लग्न झाल्यावर मामीनं एकदोनदा पिक्चरला नेता का म्हणून विचारलं होतं. दिवसभर तेच बघतो, सुट्टीच्या दिवशीही तेच बघू का, असं तो खेकसला होता. मग तिनं विषय सोडून दिला. इतकी वर्षं ज्या बाईनं पिक्चरचं नाव काढलं नाही, ती आता कुणाच्या जोडीनं जाते? आपल्याच थिएटरात, आपल्या नाकावर टिच्चून?

आणि मग त्याला शिंपी आठवला.

कोपऱ्यावरच्या शिंप्याची काजं-बटणं मामी घरी बसून करून द्यायची. शिंपी विधुर होता. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि त्यांतूनही तोंड चालूच. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता दर आठवड्याच्या पिक्चरवर मत द्यायची त्याला खोड होती. दुपारी दुकान बंद ठेवायचा, जेवून पडतो म्हणायचा. आता पडतो की कुठे जातो, कुणी बघितलंय? मामा धड पँट उसवून घेऊन त्याच्याकडे गेला.

“या आठवड्याचा बघायच्या भानगडीत पडू नका, मामा,” शिंपी पँट उलटी करत म्हणाला. “शेवट ओढूनताणून गोड केलाय.”

शब्दाला शब्द तोच. मामाच्या पायाखालची जमीन सरकली. पँट तिथेच टाकून तो निघून आला. शिंपी मागून हाका मारत होता, त्या त्याला ऐकूही आल्या नाहीत.

शुक्रवारी नवा पिक्चर लागला. आज काजांचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही, असं मामी सकाळीच सांगून मोकळी झाली. बरं, असं मामा म्हणाला, आणि आज दोघांना रंगेहाथ पकडायचं, असं मनाशी ठरवून कामावर गेला.

पण पकडायचं कसं? इथे मामाची एक अडचण होती. त्याला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी दम दिला होता, बॅटरी पायांवर मारायची, तोंडावर कधीही नाही. अंधारात कोण कुणाशेजारी बसलंय, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मामानं ते असं अंगी बाणवलं की, बाहेरच्या लख्ख उजेडातही त्याची नजर माणसाच्या हातावरच्या तिकिटावरून जी उतरायची ती थेट पायांवर. नेहमीची माणसं आपण चपलांवरून ओळखतो, अशी तो फुशारकीही मारायचा. त्या दुपारी त्यानं दोनच जोड शोधले. शिंप्याचे करकरणारे बूट आणि मामीच्या तपकिरी चपला, पांढऱ्या दोऱ्यानं पट्टा शिवलेल्या. दोन्ही आले नाहीत.

पिक्चर सुरू झाला. दाराशी आपल्या स्टुलावर बसून मामानं घाम पुसला. जीव निम्मा भांड्यात पडला, निम्मा पडेना. मध्यंतर होऊन गेलं आणि त्याला वाटलं, चपला नव्या घेतल्या असल्या तर? तो विचार आला आणि मामाचा तोल सुटला. तो तडक पुढे गेला आणि पहिल्या रांगेपासून एकेकाच्या तोंडावर बॅटरी मारत सुटला. एक जोडपं दचकून बाजूला झालं. कुणीतरी त्याच्या सात पिढ्या काढल्या. आग लागली की काय, म्हणून एक आजोबा उठून उभे राहिले. मामा थांबला नाही. एकेक रांग करत तो पार शेवटच्या रांगेपर्यंत आला.

त्याच्या स्टुलाला लागून असलेल्या कडेच्या खुर्चीत एक बाई एकटीच बसली होती. उजेडानं तिनं डोळ्यांवर हात घेतला. हात खाली आला, तेव्हा मामी होती. तिच्या पायांत निळ्या चपला होत्या.

“उजेड काढा तोंडावरून,” ती हळू आवाजात म्हणाली. “लोक ओरडताहेत.”

खेळ सुटला. माणसं गेली, झाडूवाल्या बाईनं पुढून झाडायला घेतलं, तरी मामी जागेवरच बसून होती. मामानं विचारायला नको ते विचारलं.

“कुणाबरोबर आलीस?”

“तुमच्याबरोबर,” मामी म्हणाली. “तिकिटाच्या खिडकीवर मागून हीच खुर्ची घेते. तुमचं स्टूल शेजारी असतं. एकटीनं बघितल्यासारखं वाटत नाही.”

शिंपी, एवढंच मामा कसंबसं म्हणाला. मामीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, त्या बिचाऱ्याला दुपारी पाठ टेकल्याशिवाय शिवता येत नाही, तो कुठला पिक्चर बघतो! मी कपडे द्यायला गेले की गोष्ट सांगते, तीच तो गिऱ्हाइकांना ऐकवतो.

“मग दारात बोलली का नाहीस माझ्याशी?”

“तुमच्या हातात तिकीट देते. तुम्ही फाडता, पायांवर उजेड मारता आणि ‘शेवटची रांग, कडेची खुर्ची’ म्हणता. पहिल्यांदा वाटलं, आता वर बघतील, हसतील. नाही बघितलंत. मग म्हटलं, बघू या कधी बघतात.” तिनं पिशवी उचलली. “आज बघितलंत. तेही चोर पकडायला.”

ती गेली. मामाला त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण पुढच्या खेळाची घंटा वाजली आणि त्याला दारावर जावं लागलं.

त्या दिवसापासून मामा दारात प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायला लागला. एका बाईनं काय बघताय म्हणून झापलंही. निळ्या चपला काही आल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी नाहीत आणि त्याच्या पुढच्याही नाहीत. कडेची खुर्ची तो आधी रुमालानं पुसून ठेवायचा. कुणी परकं येऊन तिथे बसलं, की उगाच पुढे जागा आहे म्हणून सांगायचा. घरी मामी वाढायची, हवं नको विचारायची, पिक्चरचं अवाक्षर काढायची नाही. मामाला भांडण चाललं असतं. हे गप्प राहणं त्याला खाऊन टाकत होतं.

एका संध्याकाळी त्याला राहवलं नाही. मामी दाराशी काजं करत बसली होती. तो समोर बसला आणि आपणहून चालू पिक्चरची गोष्ट सांगू लागला. उभ्या जन्मात त्यानं कुणाला गोष्ट सांगितली नव्हती. नातेवाइकांचा गोंधळ केला, मेलेल्या काकाला मध्येच बोलायला लावलं. मामी ऐकत होती की नाही कोण जाणे. बऱ्याच वेळानं तिनं दातानं दोरा तोडला आणि विचारलं,

“मग? शेवटी काय झालं?”

मामा घुटमळला.

“शेवट नाही बघितला,” तो म्हणाला. “दाराकडे बघत होतो.”

मामीनं नवा दोरा सुईत ओवायला घेतला. बाहेर उजेड कमी झाला होता, दोरा जाईना. मामानं खिशातून बॅटरी काढली आणि तिच्या हातांवर धरली. दोरा लगेच गेला. बॅटरी बंद करायचं मात्र मामाला सुचलं नाही. हातांवरचा उजेड थोडा वर तिच्या तोंडावरही पडला होता, तिकडे तो बघत राहिला.